पोस्टग्रेसला पहिला पॅच: कोडच्या आधी काय, नंतर काय

गिटहबवर पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचा सगळा कोड दिसतो, फोर्कही करता येतो. मग साहजिकच माणूस पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी गिटहबवरची विनंती) टाकतो आणि वाट बघत बसतो. ती वाट बघणं फुकट जातं, कारण गिटहबवरची प्रत हा नुसता आरसा आहे. मूळ रिपॉझिटरी प्रकल्पाच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर असते आणि पॅच (कोडमधला बदल नोंदवलेल्या फाइली) येतात ते मेलिंग लिस्टवर, मेलला जोडलेल्या फाइली म्हणून.

एवढं कळल्यावरही अडखळायच्या जागा पुष्कळ आहेत. अडकून पडलेले पहिले पॅच चाळून बघा. त्यातला सी भाषेतला कोड बहुतेक वेळा बरा असतो. पण पॅच ताज्या कोडवर बसत नाही, किंवा तो कशासाठी आहे ते मेलवरून कळत नाही, नाहीतर टेस्ट फक्त लिहिणाऱ्याच्याच लॅपटॉपवर पास होतात. रिव्ह्यू करणारे कमी आणि पॅच जास्त, ही इथली कायमची स्थिती आहे. पॅच उघडणाऱ्याचा वेळ वाचावा या एकाच हिशेबाने पुढचा क्रम लावला आहे.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये द्यायची.)

१. काम निवडा, पण अर्काइव्ह खणल्याशिवाय नाही

नवखा माणूस बहुधा प्रकल्पाच्या विकीवरच्या टूडू यादीपासून सुरुवात करतो. तिथेच तो फसतो. त्या यादीतली बरीच कामं वर्षानुवर्षं पडून आहेत ती सोपी म्हणून नव्हे. ती अवघड आहेत, किंवा ती करावीत की नाही यावरच एकमत नाही. पहिलं काम तुमच्या रोजच्या वापरातून निघालं तर उत्तम: एखादा मोघम एरर मेसेज, डॉक्युमेंटेशनमधलं चुकीचं वाक्य, पीएसक्यूएल या कमांड-लाइन क्लायंटमध्ये टॅब दाबल्यावर न येणारा पर्याय.

काम सापडलं की हॅकर्स या विकसकांच्या मेलिंग लिस्टच्या अर्काइव्हमध्ये शोध घ्या. एका शब्दावर थांबू नका. फंक्शनचं नाव, एरर मेसेजमधला तुकडा, फाइलचं नाव, तिन्ही टाकून बघा. जुना थ्रेड सापडला तर तो शेवटपर्यंत वाचा, कारण नकाराचं खरं कारण बहुधा पंधराव्या-विसाव्या मेलमध्ये दडलेलं असतं. सोबत त्या ओळींवर गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारी आज्ञा) चालवा. कमिट मेसेजच्या तळाशी बहुधा 'डिस्कशन' अशी ओळ असते आणि तिथली लिंक थेट मूळ चर्चेवर नेते. मला स्वतःला हा दुवा शोधयंत्रापेक्षा जास्त कामी आला आहे.

*इशारा:* सापडलेली गोष्ट सुरक्षेचं भोक वाटत असेल, म्हणजे हक्क नसलेल्याला डेटा दिसतोय किंवा दूरवरून सर्व्हरच्या मेमरीत ढवळाढवळ करता येतेय, तर सार्वजनिक लिस्टवर एक अक्षरही लिहू नका. सिक्युरिटी टीमचा वेगळा, खासगी मेल पत्ता प्रकल्पाच्या संकेतस्थळावर दिलेला आहे.

२. यंत्र तयार करा

मूळ गिट सर्व्हरवरून क्लोन घ्या आणि मास्टर ब्रांचवर काम करा. तुम्ही रोज १६ किंवा १७ वापरत असलात तरी नवा बदल मास्टरवरच जातो. सी कंपायलर, बायसन, फ्लेक्स, पर्ल आणि रीडलाइन, झेडलिब, आयसीयू या लायब्ररींच्या डेव्हलपमेंट फाइली एवढं साहित्य लागतं.

बिल्डचे दोन रस्ते आहेत: जुना कॉन्फिगर-मेकचा आणि १६व्या आवृत्तीपासून आलेला मेसनचा. कोणताही घ्या, पण पुढच्या चार गोष्टी पहिल्याच दिवशी करा.

पहिली गोष्ट, असर्शन, म्हणजे कोडमधली गृहीतकं खरी आहेत का ते बघणाऱ्या तपासण्या, चालू ठेवा. कॉन्फिगरमध्ये त्यासाठी इनेबल-कॅसर्ट आहे, मेसनमध्ये कॅसर्ट हा पर्याय आहे. असर्शनशिवाय केलेल्या बिल्डवर तुमचा कोड निमूट चुकीचं काम करत राहतो. असर्शन असतील तर सर्व्हर जागच्या जागी कोसळतो आणि चूक कुठे आहे ते सांगून कोसळतो. विकासाच्या काळात हेच हवं असतं.

दुसरी, डीबग चिन्हं चालू ठेवा, नाहीतर त्या कोसळण्याचा बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे गेलो याची यादी) वाचताच येणार नाही.

तिसरी, टॅप टेस्ट चालू ठेवा. कॉन्फिगरमध्ये हा पर्याय दिला नाही तर पर्लमध्ये लिहिलेल्या टेस्टचा मोठा गठ्ठा चालतच नाही, आणि शेवटी सगळं सुरळीत दिसतं. त्यासाठी पर्लचं आयपीसी-रन हे मॉड्यूल टाकावं लागतं.

चौथी गोष्ट फक्त कॉन्फिगरवाल्यांसाठी: इनेबल-डिपेंड द्या. हा पर्याय नसेल तर हेडर फाइल बदलल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल होत नाहीत. एका स्ट्रक्टमध्ये मी एक फील्ड वाढवली होती. अर्ध्या ऑब्जेक्ट फाइलींना नवी रचना माहीत, अर्ध्या जुनीवर बसलेल्या. सर्व्हर अशा ठिकाणी कोसळत होता की ज्या कोडला मी हातही लावला नव्हता. एक संध्याकाळ त्यात गेली आणि उत्तर निघालं 'मेक क्लीन'. मेसन ही काळजी आपणहून घेतं.

*इशारा:* हे सगळं रूट म्हणून करू नका. इनिटडीबी (डेटाबेसचं नवं डेटा फोल्डर तयार करणारा प्रोग्रॅम) आणि सर्व्हर दोघेही रूटखाली चालायला नकार देतात, त्यामुळे कंटेनरमध्ये रूट असाल तर टेस्ट पहिल्या पायरीलाच आपटतात.

*तपासा:* एकही ओळ बदलण्याआधी पूर्ण टेस्ट चालवून घ्या. कोऱ्या मास्टरवरच काही नापास होत असेल तर ते आत्ताच कळू दे. नाहीतर पुढे तुमच्या पॅचवर उगाच संशय घ्याल.

३. आधी दुसऱ्याचा एक पॅच तपासा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पण प्रकल्पाची अपेक्षाच अशी आहे की जेवढे पॅच तुम्ही द्याल, साधारण तेवढ्याच आवाक्याचे तेवढेच दुसऱ्यांचे तपासाल. ते काम आधी उरकलं तर फायदा तुमचाच आहे.

कमिटफेस्टच्या, म्हणजे पॅच तपासण्याच्या ठरलेल्या फेरीच्या, यादीतून 'नीड्स रिव्ह्यू' अवस्थेतला एखादा छोटा पॅच उचला. तो ताज्या मास्टरवर बसतो का? वॉर्निंग न देता कंपाइल होतो का? टेस्ट पास होतात का? डॉक्युमेंटेशन जसं सांगतं तसंच वागतो का? मग मुद्दाम वाकडं वागून बघा: नल द्या, रिकामी स्ट्रिंग द्या, शून्य द्या, सर्वांत मोठा पूर्णांक द्या, पार्टिशन केलेल्या टेबलवर चालवा. जे दिसलं ते थ्रेडवर लिहा. 'मी नवा आहे, प्लॅनरमधलं मला कळत नाही, पण हे आणि हे करून बघितलं आणि तिसऱ्या वेळी हा मेसेज आला' एवढा रिव्ह्यूसुद्धा चालतो. चालतो म्हणजे खरोखर उपयोगी पडतो.

चांगला पॅच वाचणाऱ्याला कसा दिसतो हे अशा एका तासात जेवढं समजतं, तेवढं कुठल्याच मार्गदर्शकातून समजत नाही, यातूनही नाही.

४. बोला, मग लिहा

दहा ओळींची स्पष्ट दुरुस्ती असेल तर थेट पॅचच पाठवा. त्यावर आधी चर्चा मागितली तर लोक म्हणतील, पॅच कुठाय? पण नवं सिंटॅक्स, नवं सेटिंग, सिस्टिम कॅटलॉगमधला (डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती ठेवणाऱ्या टेबलांमधला) बदल किंवा वापरणाऱ्याला दिसणारं वागणं बदलणारं काही असेल तर आधी मेल लिहा.

त्या मेलमध्ये अडचण आधी सांगायची आणि उपाय नंतर. 'अमुक कीवर्ड घालावा' अशी सुरुवात केली की चर्चा कीवर्डभोवती फिरत बसते. 'अमुक प्रश्न आज सोडवायचा तर तीन क्वेऱ्या लिहाव्या लागतात आणि त्यातही दोन ट्रान्झॅक्शन एकदम चालली तर उत्तर चुकतं' असं लिहिलंत तर कुणीतरी तुमच्यापेक्षा सोपा उपाय सुचवण्याची शक्यता असते. दुसऱ्या डेटाबेसमध्ये हे आहे, हा आधार म्हणून दुबळा आहे. एसक्यूएल स्टँडर्डमध्ये आहे, हा बराच भक्कम.

*नेहमीची चूक:* आठवडाभर उत्तर आलं नाही म्हणून होकार गृहीत धरणं. शांततेचा अर्थ इथे 'कुणी वाचलं नाही' असाच बहुधा असतो. एकदा सभ्यपणे आठवण करा आणि सोबत लहानसा चालणारा नमुना द्या. नमुना बघितल्यावर माणसं बोलायला लागतात.

५. बदल लिहिताना

इथून पुढे एक कल्पित उदाहरण धरून चालू. समजा एका एसक्यूएल फंक्शनला ऋण लांबी दिली की 'इनव्हॅलिड व्हॅल्यू' एवढंच येतं. कोणतं आर्ग्युमेंट चुकलं, किती चालतं, काहीच कळत नाही. तो मेसेज आपल्याला सुधारायचा आहे.

पोस्टग्रेसमध्ये मेसेजच्या लिखाणाचे नियम ठरलेले आहेत. मुख्य मेसेज लहान अक्षराने सुरू होतो आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम नसतो: 'लेंग्थ मस्ट नॉट बी निगेटिव्ह'. डीटेल आणि हिंट मात्र पूर्ण वाक्यं असतात, म्हणजे सुरुवातीला मोठं अक्षर आणि शेवटी पूर्णविराम. शिवाय मेसेज तुकडे जोडून बनवायचा नाही. 'कॅनॉट' आणि पुढे कधी 'ड्रॉप', कधी 'ऑल्टर' चिकटवणं इंग्रजीत खपून जातं, पण हे मेसेज अनेक भाषांत भाषांतरित होतात आणि प्रत्येक भाषेत शब्दांचा क्रम वेगळा. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोडची शैली आजूबाजूला बघून उचला. टॅब वापरायचे, चार रकान्यांचे. महिरपी कंस स्वतंत्र ओळीवर. दोन तिरप्या रेघांची कॉमेंट नको. सीची जुनी, तारकेची कॉमेंट लिहा. आणि तुमच्या एडिटरला सेव्ह करताना अख्खी फाइल सजवायची सवय असेल तर ती या प्रकल्पापुरती बंद करा. चार ओळींच्या बदलासोबत दोनशे ओळींची मोकळी जागा हललेली दिसली की रिव्ह्यू करणारा पॅच बंद करतो.

मोठ्या बदलात पुढच्या गोष्टी हमखास सुटतात:

- नवी सी फाइल किंवा नवी टेस्ट फाइल घातली तर तिची नोंद मेकफाइलमध्ये आणि मेसन-बिल्ड फाइलमध्ये, दोन्हीकडे लागते. आपण एकच रस्ता वापरतो, दुसरा आठवत नाही.
- कॅटलॉगमध्ये नवं फंक्शन घालताना ओआयडी (ऑब्जेक्टचा ओळख-क्रमांक) मनाने निवडू नका. अनयूज्ड-ओआयडीज नावाची स्क्रिप्ट मोकळे आकडे दाखवते. विकासाच्या काळात ८००० ते ९९९९ मधले घ्यायचे.
- कॅटलॉग आवृत्तीचा आकडा तुम्ही वाढवू नका. तो कमिटर, म्हणजे मूळ रिपॉझिटरीत बदल घालण्याचा हक्क असलेला माणूस, वाढवतो. तुम्ही वाढवलात तर दुसऱ्या कुणाचा कॅटलॉग-बदल आत गेला की तुमचा पॅच बसेनासा होतो. 'कॅटव्हर्जन वाढवावी लागेल' एवढं कमिट मेसेजमध्ये लिहून ठेवा.
- नवं ऑब्जेक्ट किंवा त्याचा नवा गुणधर्म आणलात तर पीजी-डंपने तो बॅकअपमध्ये उतरवला पाहिजे. हे विसरलात तर वापरणाऱ्याचा डेटा रिस्टोअर होताना काहीतरी गळतं, आणि तेही कित्येक महिन्यांनी लक्षात येतं.

६. टेस्ट: इथे घाई नको

'मेक चेक' चालवून पास झालं म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मुळापासून चालवलेलं मेक चेक फक्त गाभ्याच्या रिग्रेशन टेस्ट (जुनं वागणं बिघडलं नाही ना ते बघणाऱ्या) चालवतं. कॉन्ट्रिब फोल्डरमधली एक्स्टेन्शन्स, पीएल-पीजीएसक्यूएल ही भाषा, रेप्लिकेशन, एकाच वेळी चालणाऱ्या सेशनच्या आयसोलेशन टेस्ट या सगळ्यांसाठी 'मेक चेक-वर्ल्ड' लागतं. मेसनवाल्यांसाठी 'मेसन टेस्ट'.

रिग्रेशन टेस्टची रचना अगदी साधी. एसक्यूएल फोल्डरमध्ये क्वेऱ्या, एक्स्पेक्टेड फोल्डरमध्ये अपेक्षित आउटपुट. चाचणी क्वेऱ्या चालवते, आलेलं आउटपुट रिझल्ट्समध्ये ठेवते आणि दोघांतला फरक रिग्रेशन-डिफ्स या फाइलीत लिहिते. नापास झालं की पहिली उघडायची ती हीच फाइल.

आपल्या उदाहरणात ती उघडली की काय दिसतं? वजाच्या खुणेची ओळ, तीत जुना 'इनव्हॅलिड व्हॅल्यू' मेसेज. तिच्याखाली अधिकच्या खुणेची ओळ, तीत आपला नवा मेसेज. हे अपेक्षित आहे. पण त्याच फाइलीत खाली, एका भलत्याच टेस्टमध्ये, आणखी एक जोडी दिसते: तेच फंक्शन दुसऱ्या एका रस्त्याने बोलावलं जातं, तिथेही मेसेज बदललाय आणि तिथे तो विचित्र वाटतो, कारण त्या क्वेरीत 'लांबी' असं काही नाहीच. पॅचमधली खरी उणीव अशी सापडते.

आता नेहमीची चूक. रिझल्ट्समधली फाइल उचलून डोळे झाकून एक्स्पेक्टेडमध्ये टाकायची की सगळं हिरवं. मीही केलंय हे. नवी टेस्ट लिहिली, आउटपुट कॉपी केलं, पाठवून दिलं. त्या 'अपेक्षित' आउटपुटच्या मधोमध एक एरर होती, कारण क्वेरीत टेबलचं नाव चुकलं होतं. टेस्ट रोज पास होत होती, तपासत काहीच नव्हती. रिव्ह्यू करणाऱ्याने एका ओळीत दाखवून दिलं. अपेक्षित आउटपुट आधी कागदावर किंवा मनात लिहा आणि मग आलेल्याशी ताडून बघा.

टेस्ट दुसऱ्यांच्या यंत्रावरही टिकावी म्हणून:

- ओळींचा क्रम ऑर्डर-बायने बांधून टाका. क्रम न सांगितलेल्या क्वेरीचं उत्तर आज जसं आलं तसंच उद्या येईल याची हमी नाही.
- एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) वापरत असाल तर कॉस्ट, म्हणजे अंदाजी खर्चाचे आकडे, बंद ठेवा. ते आकडे यंत्रागणिक बदलू शकतात.
- टेस्टमध्ये बनवलेल्या रोलचं नाव 'रिग्रेस' आणि अंडरस्कोर यांनीच सुरू झालं पाहिजे. नसेल तर त्या तपासणीसह बिल्ड केलेल्या यंत्रांवर वॉर्निंग छापली जाते आणि टेस्ट नापास होते.
- टेस्ट समांतर गटांत चालतात, म्हणजे शेजारची टेस्ट त्याच क्षणी त्याच डेटाबेसमध्ये काम करत असते. सगळीकडे सापडेल असं टेबलचं नाव ठेवू नका आणि पूर्ण कॅटलॉग मोजणारी क्वेरी टाळा.

शक्यतो नवी फाइल उघडू नका. त्या विषयाची टेस्ट फाइल बहुधा आधीपासून असते, तिच्या शेवटी पाचसात ओळी जोडा.

*तपासा:* सीमधला बदल मागे घ्या, टेस्ट तशीच ठेवा आणि चालवा. आता ती नापास झालीच पाहिजे. बदलाशिवायही पास होत असेल तर ती तुमचा बदल तपासतच नाही.

कामगिरी सुधारणारा पॅच असेल तर आकडे असर्शनशिवायच्या, ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डवरच घ्या. असर्शन चालू ठेवून काढलेले पीजीबेंच या वेग मोजणाऱ्या साधनाचे आकडे निरर्थक असतात. आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच यंत्रावर, अनेक फेऱ्यांचे हवेत. ज्या वापरात तुमचा बदल कामाचा नाही तिथे किती तोटा होतो तेही मोजा. तो प्रश्न येणारच आहे.

७. डॉक्युमेंटेशन

वापरणाऱ्याला दिसणारा कोणताही बदल डॉक्युमेंटेशनशिवाय अपुरा धरला जातो. मजकूर त्याच रिपॉझिटरीत, डॉक फोल्डरखाली, नावाचा शेवट 'डॉट एसजीएमएल' असलेल्या फाइलींमध्ये आहे आणि खुणा डॉकबुक या मार्कअपच्या आहेत. त्या फोल्डरमध्येही मेक चेक चालवता येतं, न मिटलेली खूण तिथेच सापडते. रिलीज नोट्सना हात लावू नका, त्या नंतर एकत्र लिहिल्या जातात.

८. पॅच बांधा

क्रम असा ठेवा: मास्टर ताजा करा, आपले कमिट त्यावर रीबेस करा (नव्याने बसवा), पूर्ण टेस्ट पुन्हा चालवा, पीजीइंडेंट (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालवा, मग पॅच काढा.

पीजीइंडेंट सोर्समध्येच टूल्सच्या फोल्डरमध्ये आहे. तुम्ही नवा टाइप जाहीर केला असेल तर त्याचं नाव टाइपडेफ्सच्या यादीत घाला. नाही घातलं तर हे साधन तुमच्या पॉइंटरची तारका नाव सोडून मध्येच तरंगत ठेवतं. शेवटच्या मोकळ्या जागा गिट डिफच्या 'चेक' पर्यायाने पकडा.

पॅच 'गिट फॉरमॅट-पॅच'ने काढा आणि आवृत्तीचा आकडा द्या. पहिल्या खेपेला व्ही१, सुधारून पाठवताना व्ही२. फाइलचं नाव व्ही२-०००१ असं सुरू होतं आणि सहा महिन्यांनी थ्रेड वाचणाऱ्यालाही कोणता पॅच शेवटचा ते कळतं. 'फायनल', 'फायनल-नवा' ही नावं आपल्या डेस्कटॉपवरच शोभतात.

एकाच पॅचमध्ये दोन कामं कोंबू नका. आपल्या उदाहरणात मेसेज सुधारण्याआधी तपासणीचा कोड एका सामाईक फंक्शनमध्ये हलवावा लागला, तर ०००१ मध्ये फक्त हलवाहलव, वागण्यात शून्य बदल, आणि ०००२ मध्ये नवा मेसेज आणि टेस्ट. पहिला भाग कमिटर लगेच घेऊन टाकू शकतो. कोड हलवणं आणि बदलणं एकत्र केलंत तर काय बदललं ते कुणालाच दिसत नाही.

कमिट मेसेजमध्ये 'काय' एका ओळीत आणि 'का' तीनचार ओळींत लिहा. कमिटर तो स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहील, पण कच्चा माल तुमचा असतो.

*तपासा:* वेगळ्या फोल्डरमध्ये नवा क्लोन घ्या, त्यावर पॅच लावा, बिल्ड करा, टेस्ट चालवा. गिटमध्ये जोडायला विसरलेली फाइल इथेच उघडी पडते.

९. मेल पाठवा

लिस्टचं सदस्यत्व आधी घ्या. सदस्य नसलेल्याचा मेल मॉडरेटरच्या रांगेत अडकू शकतो. मेल साध्या मजकुराचा हवा. पॅच मेलच्या अंगात चिकटवू नका. बरेच मेल प्रोग्रॅम लांब ओळी मोडतात आणि टॅबचे स्पेस करतात, मग तो पॅच कुठेच बसत नाही. फाइल जोडा.

मेलमध्ये एवढं पुरेसं: आज काय होतं, ते घडवून दाखवणारी क्वेरी, पॅचनंतर काय होतं, कोणत्या गोष्टी मुद्दाम केल्या नाहीत आणि कुठे तुम्हालाच खात्री नाही. शेवटचा मुद्दा लपवू नका. शंका तुम्ही सांगितलीत तर रिव्ह्यू करणारा थेट तिथे बघतो.

उत्तर देताना 'रिप्लाय ऑल' करा, समोरच्याच्या वाक्याखाली आपलं वाक्य लिहा आणि संदर्भापुरतंच अवतरण ठेवा. अख्खा जुना मेल खाली ठेवून वर दोन ओळी लिहिण्याची ऑफिसातली सवय इथे खटकते. नव्या आवृत्तीसाठी नवा थ्रेड काढू नका.

१०. कमिटफेस्टमध्ये नोंद करा

लिस्टवर पाठवलेला पॅच आपोआप कुठल्या यादीत जात नाही. नोंद तुम्हालाच करावी लागते, आणि ही पायरी चुकल्यामुळे कित्येक चांगले पॅच मेलच्या ढिगात विरून गेले आहेत. कमिटफेस्टच्या ॲपमध्ये कम्युनिटी खात्याने लॉगिन करा, येणाऱ्या फेरीत नोंद उघडा आणि तिला मेलचा थ्रेड जोडा.

वर्षात साधारण पाच फेऱ्या होतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. प्रत्येक महिनाभराची. मार्चनंतर, एप्रिलच्या सुरुवातीला, फीचर फ्रीज येतो आणि मोठी आवृत्ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघते. मोठा पॅच पहिल्यांदाच मार्चमध्ये आणू नका. शेवटच्या फेरीत तसा पॅच कुणालाच नको असतो. पहिली आवृत्ती जुलै किंवा सप्टेंबरमध्ये दिसली तर सुधारायला खरंच वेळ मिळतो.

नोंद झाली की सीएफबॉट नावाचा रोबो कामाला लागतो. थ्रेडमधल्या ताज्या जोडलेल्या फाइली उचलतो, मास्टरवर लावतो आणि वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड करून टेस्ट चालवतो. त्याचा लाल रंग दिसला की बरेच रिव्ह्यू करणारे पुढे जातच नाहीत. म्हणून रोज एकदा तिकडे नजर टाका.

*इशारा:* रोबो अगदी शब्दशः वागतो. तीन पॅचच्या मालिकेतला फक्त दुसरा सुधारून पाठवलात तर तो तेवढाच लावायला जातो आणि आपटतो, म्हणून दर वेळी पूर्ण मालिका जोडा. चर्चेसाठी नमुना तुकडा किंवा जुन्या ब्रांचसाठीचा पॅच जोडायचा असेल तर फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट टीएक्सटी' ठेवा, म्हणजे रोबो त्याच्या वाटेला जात नाही.

११. रिव्ह्यू आल्यावर

पहिला रिव्ह्यू बहुधा रुक्ष वाटतो. 'ओळ ४१२: हे का?' एवढंच. त्यात राग नसतो, माणूस रात्री उशिरा दहावा पॅच वाचत असतो.

प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या: केलं, किंवा केलं नाही आणि हे कारण. गप्प राहून निम्मेच मुद्दे सुधारले तर समोरच्याला सगळं पुन्हा तपासावं लागतं. दोन रिव्ह्यू करणारे उलटसुलट सांगत असतील तर दोघांचं म्हणणं एका मेलमध्ये शेजारी मांडा, स्वतःचा कल सांगा आणि थांबा. रातोरात तिसरी आवृत्ती पाठवू नका.

नोंदीची अवस्था सांभाळणं तुमच्याकडे. 'वेटिंग ऑन ऑथर' झाली असेल तर नवा पॅच पाठवल्यावर ती परत 'नीड्स रिव्ह्यू' करा. हे विसरलात तर सगळे तुमची वाट बघतात आणि तुम्ही त्यांची. रिव्ह्यू करणाऱ्याचं समाधान झालं की तो 'रेडी फॉर कमिटर' करतो. ती खूण स्वतःच्या पॅचवर स्वतः लावायची नसते. फेरी संपली तर पुढच्या फेरीत नोंद नेणंही आपलंच काम समजा. 'रिटर्न्ड विथ फीडबॅक' हा नकार नाही. 'रिजेक्टेड' हा नकार आहे आणि तोही बहुधा कल्पनेला असतो, माणसाला नाही.

१२. कमिट, आणि त्यानंतरचे दोन दिवस

एक दिवस कमिटर लिहितो, 'पुश्ड, थोड्या फेरफारासह'. तो फेरफार ओळ न ओळ वाचा. तुमच्या कोडवर मिळणारी ती सर्वांत नेमकी टीका असते. तुमचं नाव कमिट मेसेजमध्ये ऑथर म्हणून येतं. फाइलींच्या डोक्यावर मात्र कुणा एकट्याचं नाव नसतं, कॉपीराइटची ओळ प्रकल्पाच्या गटाचीच राहते.

काम इथे संपत नाही. कमिट झाल्यावर बिल्डफार्म चालू होतो: स्वयंसेवकांची यंत्रं, वेगवेगळे प्रोसेसर, जुने कंपायलर, विचित्र सेटिंगं. प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव दिलेलं असतं. आधी हिरवा असलेला प्राणी तुमच्या कमिटनंतर लाल झाला तर त्याचा लॉग उघडा. कोणत्या पायरीला थांबला ते बघा आणि रिग्रेशन-डिफ्समधला तुकडा शोधा. आपल्या उदाहरणात बघा: नव्या टेस्टमध्ये लांबीचा सर्वांत मोठा आकडा ६४ बिटांचा धरला होता आणि एका ३२ बिटांच्या यंत्रावर मेसेजमधला आकडा वेगळा छापला गेला. टेस्टमधून तो आकडा काढून टाकणारा दोन ओळींचा पॅच त्याच थ्रेडवर पाठवा, कोणत्या प्राण्याचा कोणता लॉग बघून हे ठरवलं ते लिहा, आणि तो पुन्हा हिरवा होईपर्यंत मेल उघडा ठेवा.